‘हुकूमशाही’, ‘एकाधिकारशाही’ आणि ‘सर्वंकष सत्ता’: अर्थ आणि वापर

प्रश्न

दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या युरोपविषयी मराठीत लिहिताना इटली, जर्मनी आणि सोव्हिएत संघ येथील राजवटींसाठी ‘हुकूमशाही’, ‘एकाधिकारशाही’, ‘निरंकुश सत्ता’ आणि ‘सर्वंकष सत्ता’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. कित्येकदा तर एकाच परिच्छेदात, केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी. हे शब्द खरोखर समानार्थी आहेत का? नसल्यास ‘टोटॅलिटेरियन’ या संज्ञेसाठी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर

हे शब्द समानार्थी नाहीत, आणि त्यांतील भेद सांभाळला नाही तर १९२० ते १९४० या काळात युरोपात नवे काय घडले तेच नजरेतून निसटते. ‘हुकूमशाही’ हा शब्द सत्ता कोणाच्या हाती आहे आणि ती कशी चालते हे सांगतो: एका माणसाचा किंवा एका गटाचा हुकूम हाच कायदा. ‘निरंकुश’ हा शब्द त्या सत्तेला आवरणारे कोणी नाही, एवढेच सांगतो. अनेक जुने राजे या अर्थाने निरंकुश होते, पण प्रजेने फावल्या वेळात कोणत्या मंडळात जावे आणि कोणती गाणी म्हणावीत याच्याशी त्यांना सहसा कर्तव्य नसे. ‘एकाधिकार’ म्हणजे एकट्याचा हक्क. महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजनेमुळे हा शब्द शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आणि तेथे तो नेमक्या अर्थाने वापरला गेला: कापूस विकत घेण्याचा हक्क दुसऱ्या कोणालाही नाही. इतर सर्व पक्षांवर बंदी घालणाऱ्या एकपक्षीय राज्यालाही तो चांगला लागू पडतो. ‘टोटॅलिटेरियन’ या संज्ञेचा गाभा मात्र सत्ताधारी एक की अनेक यात नाही. सत्ता समाजात किती खोलवर शिरू पाहते यात तो आहे. तो गाभा ‘सर्वंकष’ या शब्दात येतो.

मूळ इटालियन शब्दाचा इतिहास या अर्थाला पुष्टी देतो. ‘तोतालितारियो’ हे विशेषण राजकारणात आणले ते फॅसिस्टांच्या विरोधकाने. उदारमतवादी नेते आणि पत्रकार जोव्हान्नी आमेन्दोला यांनी मे १९२३ मध्ये ‘इल मोंदो’ या दैनिकात स्थानिक निवडणुकांवर लिहिताना तो शब्द वापरला. त्या निवडणुकांत बहुमताच्या यादीला बहुसंख्य जागा मिळत आणि उरलेल्या जागा अल्पमताच्या यादीकडे जात. फॅसिस्टांनी दोन्ही याद्या आपल्याच माणसांच्या भरल्या आणि विरोधकांसाठी ठेवलेली जागाही बळकावली. या प्रकाराला आमेन्दोलांनी ‘सर्वंकष पद्धत’ म्हटले. विरोधक हरला एवढ्याने भागत नाही, विरोधकाला बसायला जागाच उरता कामा नये, हा अर्थ या शब्दात पहिल्यापासून आहे. जुलै १९२५ मध्ये फॅसिस्ट टोळीने आमेन्दोलांना अमानुष मारहाण केली आणि त्या दुखापतींतून न सावरता एप्रिल १९२६ मध्ये फ्रान्समधील कान येथे त्यांचा मृत्यू झाला. ज्या माणसाने धोक्याला नाव दिले त्याचा असा अंत झाला, ही गोष्ट हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

दरम्यान मुसोलिनीने दूषण म्हणून आलेला हा शब्द भूषण म्हणून उचलला होता. जून १९२५ मध्ये रोमच्या पक्ष अधिवेशनात त्याने आपल्या पक्षाच्या ‘सर्वंकष इच्छाशक्ती’चा गौरव केला आणि २८ ऑक्टोबर १९२५ रोजी मिलान येथे प्रसिद्ध सूत्र मांडले: सर्व काही राज्यात, राज्याबाहेर काही नाही, राज्याविरुद्ध काही नाही. पुढे १९३२ मध्ये इटालियन ज्ञानकोशातील फॅसिझमवरील नोंदीत, जिचा तात्त्विक भाग जोव्हान्नी जेन्तीले या तत्त्वज्ञाने लिहिला होता, फॅसिझम सर्वंकष असल्याचे अधिकृतपणे नोंदवले गेले.

जर्मनीत या प्रक्रियेचे नाव वेगळे होते. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. २७ फेब्रुवारीला संसदभवनाला आग लागली, दुसऱ्याच दिवशी अध्यादेशाने नागरी हक्क स्थगित झाले, आणि २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा अधिकार सरकारच्या हवाली केला. विरोधात मते पडली ती फक्त सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या ९४ सदस्यांची. कम्युनिस्ट सदस्यांना तर सभागृहात येऊच दिले नव्हते. इथवर जे झाले त्याला ‘हुकूमशाहीची स्थापना’ म्हणणे पुरेसे आहे. त्यानंतरच्या घडामोडींना मात्र तो शब्द अपुरा पडतो. ‘ग्लाइशशाल्टुंग’ हा मूळचा तंत्रज्ञानातील शब्द, विद्युत्-मंडले एकाच पद्धतीने जोडून घेण्याचा भाव असलेला, ३१ मार्च १९३३ च्या कायद्याच्या नावातच आला. तो आधी प्रांतिक विधिमंडळांना लागू झाला आणि पाहता पाहता व्यावसायिक संघटना, क्रीडामंडळे, गायकवृंद, वृत्तपत्रे यांच्यापर्यंत पोहोचला. १ मे रोजी कामगारदिन सरकारी थाटात साजरा झाला आणि २ मे रोजी कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेण्यात आली. १४ जुलैपर्यंत नाझी पक्षाखेरीज दुसरा पक्ष कायद्याने शक्य राहिला नाही. ‘ग्लाइशशाल्टुंग’साठी मराठीत ‘समन्वय’ वापरलेला दिसतो, तो मला पूर्णपणे चुकीचा वाटतो. समन्वयात दोन्ही बाजू शिल्लक राहतात. इथे एकच राहिली. ‘सक्तीचे एकसूत्रीकरण’ म्हणावे.

शंका

आजच्या मराठीत ‘सर्वंकष’ हा शब्द ‘सर्वंकष आढावा’, ‘सर्वंकष धोरण’ अशा प्रशंसेच्या अर्थाने रुळला आहे. मग ‘सर्वंकष सत्ता’ असे वाचताना वाचकाला त्यातील भय कसे जाणवेल?

उत्तर

शंका रास्त आहे, पण शब्दाची व्युत्पत्ती आपल्या बाजूची आहे. ‘कष्’ या धातूचा अर्थ घासणे, खरवडणे. पाणिनीच्या एका सूत्रात या धातूपासून होणारी रूपे एकत्र आली आहेत: काठ खरवडत जाणारी नदी ती ‘कूलंकषा’, आभाळाला घासणारा तो ‘अभ्रंकष’, आणि सर्व काही घासून काढणारा तो ‘सर्वंकष’. माघाच्या ‘शिशुपालवधा’वरील मल्लिनाथाच्या टीकाग्रंथाचे ‘सर्वंकषा’ हे नाव संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित आहे. काव्याचा कोणताही भाग न तपासता सोडणार नाही, असा त्यात भाव आहे. आढाव्याचा चांगला अर्थ तिथूनच येतो. परंतु माणसांच्या आयुष्याचा कोणताही भाग खरवडल्यावाचून न सोडणारी सत्ता म्हटले की त्याच धातूतून भय उभे राहते. ‘सर्वव्यापी’ हा पर्याय काहींनी सुचवला आहे, पण तो ईश्वराचे विशेषण म्हणून इतका परिचित आहे की सत्तेला लावल्यास स्तुती वाटावी.

आणखी एक शंका

इटलीत राजा सिंहासनावर होता आणि पोपशी झालेल्या १९२९ च्या लॅटरन करारानंतर व्हॅटिकन हे स्वतंत्र राज्य होते. मग ज्या देशात हा शब्द जन्मला त्यालाच तो लागू पडतो का?

उत्तर

दावा आणि पल्ला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की हा पेच सुटतो. मुसोलिनीचा दावा सर्वंकष होता. मुलांसाठी बालिल्ला, कामगारांच्या फुरसतीसाठी दोपोलाव्होरो या संस्था त्याच दाव्यातून निघाल्या, आणि १९३१ मध्ये विद्यापीठांतील प्राध्यापकांकडून निष्ठेची शपथ घेण्यात आली तेव्हा बाराशेहून अधिक प्राध्यापकांपैकी जेमतेम डझनभरांनी ती नाकारली. तरीही राजा आणि चर्च या दोन संस्था उरल्याच, आणि २५ जुलै १९४३ रोजी त्या राजानेच मुसोलिनीला पदच्युत करून अटकेत टाकले. हिटलरच्या जर्मनीत असे करू शकणारे घटनात्मक पद राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या मृत्यूनंतर, ऑगस्ट १९३४ पासून, उरले नव्हते.

सोव्हिएत संघाची स्थिती नेमकी उलट आहे. तेथील राज्यकर्त्यांनी स्वतःला सर्वंकष म्हटले नाही. त्यांची अधिकृत संज्ञा ‘कामगारवर्गाची हुकूमशाही’ ही होती, आणि १९३६ च्या राज्यघटनेत भाषण व मुद्रण स्वातंत्र्याचे कलमही होते. पण शेतजमिनीचे सामूहिकीकरण, १९३२ च्या अखेरीस लागू झालेली अंतर्गत पासपोर्टची पद्धत, आणि जुलै १९३७ च्या ज्या आदेशाने प्रत्येक प्रदेशाने किती माणसांना गोळ्या घालायच्या आणि किती जणांना छावण्यांत पाठवायचे याचे आकडे ठरवून दिले तो आदेश, ही सारी सत्तेचा पल्ला दाखवतात. सुरक्षा यंत्रणेच्या स्वतःच्याच नोंदींप्रमाणे १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत सुमारे ६,८०,००० लोकांना मृत्युदंड दिला गेला.

म्हणून लिहिताना इटलीसाठी ‘सर्वंकषतेचा दावा करणारी फॅसिस्ट राजवट’, हिटलर आणि स्टालिन यांच्या राज्यांसाठी ‘सर्वंकष राजवट’, आणि तत्त्वप्रणाली अभिप्रेत असेल तिथे ‘सर्वंकषवाद’ अशी योजना करावी. पोलंडमध्ये पिल्सुद्स्की, पोर्तुगालमध्ये सालाझार आणि युगोस्लाव्हियात राजा अलेक्झांडर यांनी सत्ता एकवटली, पण समाजाचा कण न् कण नव्याने घडवण्याची त्यांची धडपड नव्हती. त्यांच्यासाठी ‘हुकूमशाही’ किंवा ‘अधिकारशाही’ हे शब्द आहेत, आणि तेच वापरावेत.