जुनं टेबल सॉ घेताय? मोटर सगळ्यात शेवटी बघा

हौशी_सुतार
पाच वर्षांपूर्वी नाशिकच्या अंबडमधल्या एका बंद पडलेल्या फर्निचर कारखान्यातून मी जुनं टेबल सॉ, म्हणजे मधून गोल ब्लेड वर येतं ते करवतीचं टेबल, उचललं. नवाकोरा हिरवा रंग, मोटरचा आवाज एकदम गोड. जागेवरच पैसे मोजले. घरी आणून सागाची फळी फाडली तर कड जळून काळी पडली. नवं ब्लेड लावलं, तरी काळी. दोन महिने झटापट केल्यावर मशीन आडवं पाडलं आणि खालचा रंग खरवडला. ब्लेड ज्या ओतीव कंसावर बसतं आणि तिरकं करता येतं, त्या ट्रनियनला तडा होता, म्हणून ब्लेड सरळ न राहता लाकडाला घासत होतं. वेल्डिंगने भरून वर तोच हिरवा रंग फासलेला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "चालू करून दाखवलं होतं ना साहेब?" दाखवलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता सातपूरला दुसरं बघतोय. १० इंची, बिडाचं टेबल, पट्ट्यावर चालणारं, २ एचपी, थ्री फेज. सांगतायत ३८ हजार. यावेळी माझा क्रम ठरलाय: आधी ट्रनियन, मग टेबल, मग ब्लेडचा शाफ्ट, मग फेन्स (लाकूड टेकवून सरळ ढकलायची आडकाठी) आणि मोटर शेवटी. मोटर जळाली तर नवी तार गुंडाळून भरून मिळते. बीड वाकलं की संपलं. तुमचं काय मत?

सातपूर_फिटर
अर्धं बरोबर, अर्धं चूक. "बीड वाकलं की संपलं" हे कोणी सांगितलं? आपल्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंग करून देणारे आहेत. टेबल सोडवून न्या, पातळ थर घासून सपाट करून देतात. आणि मोटर भरून मिळते म्हणता, पण भरताना तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार घातली असेल तर? हलकं काम असेल तोवर कळणारही नाही. दोन इंची साग फाडायला घ्या, दहा मिनिटांत मोटरवर हात ठेववणार नाही. रिकामी मोटर ऐकून कोणाला काय कळतं? सोबत जाड लाकूड न्या आणि तिथेच फाडून बघा.

ट्रनियनचं मात्र मान्य. टॉर्च घेऊन खाली झोपा. कपडे खराब होतील, होऊ द्या.

हौशी_सुतार
ग्राइंडिंग होतं, मान्य. पण टेबल सोडवणं, टेम्पोने नेणं, आणणं, परत बसवून जुळवणं. तेवढ्यात माझी हौस फिटेल. वाकलं असेल तर मी घेणारच नाही.

प्लायवाला_इंदिरानगर
मुळात हवंय कशाला? घरचं काम म्हणजे बहुतेक प्लाय. १९ मिमीचा ८ बाय ४ चा अख्खा शीट ३५ किलोच्या आसपास भरतो. तो एकट्याने छोट्या टेबलावर ढकलणं म्हणजे सर्कस. प्लाय जमिनीवर थर्माकोलवर टाका, सरळ पट्टी क्लॅम्प करा आणि हातातला सर्क्युलर सॉ फिरवा. एवढ्या पैशात तो सॉ, पट्टी, दोन चांगली ब्लेड येऊन वर उरतील.

हौशी_सुतार
प्लायसाठी तुमचं पटतं. मला सागाच्या चौकटी करायच्यात. दीड इंची पट्ट्या एकसारख्या चाळीस काढायच्या तर हातातल्या सॉने वेडा होईन.

भुशातली_बाई
मोटर आधी की टेबल आधी यावर दोन पुरुष भांडतायत आणि बोटांचं नाव कोणी घेत नाही. माझा क्रम वेगळा आहे. पहिलं बघायचं ते रायव्हिंग नाईफ, म्हणजे ब्लेडच्या मागे उभी असते ती पोलादी पट्टी. ती नसेल आणि बसवायला जागाही नसेल, तर मशीन फुकट मिळालं तरी नको.

लाकूड चिरत गेलं की आतला ताण सुटतो आणि चीर मागे मिटायला बघते. ब्लेडचे मागचे दात वर येत असतात, ते लाकूड उचलतात आणि थेट तुमच्या पोटाकडे फेकतात. १० इंची ब्लेड मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर दाताचा वेग ताशी १९० किमीच्या पुढे जातो. माझ्या खांद्याला लागलेला तुकडा जेमतेम वीतभर होता. तीन आठवडे हात वर गेला नाही.

पट्टी असली तरी जाडी मोजा. ब्लेडच्या चकतीपेक्षा जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा बारीक हवी. चकती २.२ आणि चीर ३.२ मिमी असेल तर अडीचच्या आसपास. चिरेपेक्षा जाड पट्टी असेल तर लाकूड तिथेच अडतं, आणि मग लोक वैतागून ती काढून माळ्यावर टाकतात.

सातपूर_फिटर
ताई, इथल्या जुन्या मशीनला ही पट्टी नसतेच. तुमच्या हिशेबाने अख्ख्या नाशकात कोणी जुनं मशीन घेऊच नये. आमच्याकडे वीस वर्षं बिनपट्टीचं चालतंय.

भुशातली_बाई
वीस वर्षं चालतंय. चालवणाऱ्यांची बोटं मोजलीत?

सातपूर_फिटर
एकाचं एक कमी आहे. बरं, मुद्दा घेतला.

पण मग स्विचचंही बोला, कारण आपल्याकडे लाईट जाते. लाईट गेली, माणूस अडकलेलं लाकूड काढायला ब्लेडजवळ हात घालतो आणि लाईट येते. साधा खटक्याचा स्विच असेल तर मशीन आपोआप सुरू. डीओएल स्टार्टर असेल तर लाईट जाताच आतला कॉन्टॅक्टर (विजेच्या जोरावर धरलेला स्विच) सुटतो, हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. तपासणं सोपं आहे: मशीन चालू ठेवून भिंतीवरचा मेन बंद करा, ब्लेड थांबू द्या, मग मेन चालू करा. ब्लेड फिरलं तर स्टार्टरचा खर्च किमतीतून कापा.

जुना_मिस्त्री_पंचवटी
भाऊ, मशीन नंतर बघा, आधी विकणारा का विकतोय ते विचारा. धंदा बंद केला, मुलगा पुण्याला गेला, मोठं पॅनल सॉ घेतलं, ही कारणं ठीक. "असंच, जागा अडते" म्हणाला तर बसून चहा घ्या आणि अजून विचारा. आणि अलीकडचा रंग दिसला की मी नखाने खरवडतो. गंजलेलं मशीन मला आवडतं, ते खोटं बोलत नाही. वरचा गंज रॉकेल आणि पॉलिश पेपरने तासाभरात जातो. खड्डे पडले असतील तर मात्र नको.

प्लायवाला_इंदिरानगर
आणि घरी थ्री फेज आहे का? की मशीन आणून त्यावर कपडे वाळत घालणार?

हौशी_सुतार
नाही, सिंगल फेज आहे. व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह, लावायचा विचार आहे. मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली असेल आणि वाइंडिंगची सहाही टोकं बाहेर असतील तर ती डेल्टा पद्धतीने जोडून कमी व्होल्टला चालेल असं वाचलंय.

सातपूर_फिटर
चालेल. टर्मिनलचं झाकण उघडून टोकं मोजा. तीनच बाहेर असतील तर मोटरच बदला. एक लक्षात ठेवा, व्हीएफडी लावलात की तो जुना स्टार्टर मधून काढावा लागेल, व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर नको. म्हणजे लाईट परत आल्यावर आपोआप सुरू न होण्याची सोय व्हीएफडीच्या सेटिंगमध्ये करा.

बघा, तुमची "शेवटी बघायची" मोटर किती वर आली.

हौशी_सुतार
रविवारी जाऊन आलो. ब्लेडच्या एका दाताला मार्करने खूण केली. तो दात पुढे आणून टेबलात पुढून मागे जाणाऱ्या मायटरच्या खाचेपासून अंतर मोजलं, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजलं. दोन्हींत ०.४ मिमीचा फरक, म्हणजे ब्लेड खाचेला समांतर नाही. तोच दात धरल्यामुळे ब्लेड वाकडं असण्याचा प्रश्न मिटला. शाफ्टला डायल गेज लावून फिरवला, काटा जवळपास हललाच नाही. टेबलावर सरळ पट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवली, मध्ये फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) ०.२ मिमीचं पानही जाईना. ट्रनियनला तडा नाही, रंगही मूळचाच. मोटरची टोकं सहा. पाच रुपयांचं नाणं टेबलावर उभं ठेवून मशीन सुरू केलं, पडलं नाही. रायव्हिंग नाईफ नाही, पण कंसावर ती लावायची दोन भोकं आहेत.

०.४ मुळे मन मागे-पुढे होतंय. मागच्या वेळची काळी कड आठवते.

भुशातली_बाई
भोकं आहेत ना, मग पट्टी लेझर कटिंगवाल्याकडून करून घ्या. पट्टी बसेपर्यंत एकही फळी फाडू नका. ३८ द्यायचे नाहीत, एवढं नक्की.

सातपूर_फिटर
ट्रनियनचे बोल्ट सैल करून ब्लेड सरळ होतंय का ते बघितलंत?

हौशी_सुतार
नाही. मालक समोर उभा होता, पाना मागायला लाज वाटली.

सातपूर_फिटर
मग परत जा. पाना घरून न्या.