'हार्ड वॉटर'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा : उंड्रीतल्या एका सोसायटीच्या वॉटर सॉफ्टनरचं, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढणाऱ्या यंत्राचं, माहितीपत्रक मराठीत करायचंय. 'कठीण पाणी' लिहिलं, तर समितीतले विचारतात, बर्फ का? 'जड पाणी' लिहिलं, तर म्हणे ते अणुभट्टीत असतं. मग लिहायचं काय?

शुद्धमती : दुष्फेन. दुस् अधिक फेन, ज्याला फेस मुश्किलीनं येतो ते. उलट सुफेन. शाळेच्या पुस्तकातला शब्द आहे, वाद कशाला?

पंपघर : वाद यासाठी की पत्रक प्लंबर आणि वॉचमन वाचणार. बोअरचं आणि टँकरचं जड, धरणाचं हलकं, हे पुण्यात सगळ्यांना कळतं. 'दुष्फेन' वाचून पाण्याला काही रोग झालाय असं वाटेल.

शुद्धमती : आणि ड्यूटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, पाणी? ते साध्या पाण्याहून खरोखरच सुमारे ११ टक्के जड असतं. त्याला काय म्हणणार?

पंपघर : उंड्रीच्या बोअरला ड्यूटेरियम लागलं की कळवा.

रसायनी : लागलेलंच आहे, सगळ्याच पाण्यात किंचित असतं. पण फेसावरून नाव देण्यात खरी गोम वेगळीच आहे. फेस अडतो तो साबणाचा. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका होतो, बादलीच्या काठाला चिकटतो तोच. डिटर्जंटला अशा पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो. म्हणजे वॉशिंग पावडर टाकून पाहणाऱ्याला तुमचं दुष्फेन सुफेनच वाटणार. त्यापेक्षा आकडा द्या. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचं एकूण काठिण्य, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

कानामात्रा : म्हणजे 'काठिण्य' चालतं आणि 'कठीण' चालत नाही?

शुद्धमती : बघा! भाववाचक नाम शास्त्रीय, आणि विशेषण मात्र हास्यास्पद.

तळमजला : 'मचूळ' का नको? अस्सल मराठी आहे.

रसायनी : मचूळ ही चव झाली. सोडियमचे क्षार असलेलं पाणी मचूळ लागेल, तरी साबणाला छान फेस देईल. सॉफ्टनर तेच तर करतो, कॅल्शियम आतल्या रेझिनच्या मण्यांत अडकवून बदल्यात सोडियम सोडतो. क्षार एकूणात जवळपास तेवढेच राहतात, म्हणून विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं टीडीएस मीटर बुडवून 'सॉफ्टनर बिघडला' म्हणू नये. काठिण्याचं किट वापरा. थेंब मोजत टाकायचे, लालसर रंग निळा झाला की थांबायचं.

तळमजला : उकळून जड पाणी हलकं होतं ना?

रसायनी : बायकार्बोनेटमुळे असेल तेवढंच. ते गीझरच्या कॉइलवर पांढरं बसतं. सल्फेट-क्लोराइडवालं उकळून हटत नाही. डाळ शिजत नाही तीही कॅल्शियममुळेच, तो डाळीच्या पेशी जोडणारं पेक्टिन घट्ट धरतो. चिमूटभर सोडा टाका.

शुद्धमती : सोड्यानं वरणाची चव जाते.

पंपघर : शब्द राहू द्या, पत्रकात मिठाचं ठळक लिहा, मिठाच्या पाण्यानंच रेझिन पुन्हा कामाचं होतं. बारीक मीठ टाकीत गठ्ठा धरतं, म्हणून खडे किंवा गोळ्याच घाला. मिठाचं पाणी फिरवून झाल्यावर खारटपणा जाईपर्यंत धुवा. ती पायरी गाळली की सगळ्या इमारतीच्या नळाला खारं पाणी येतं.

तळमजला : आयोडीनवालं चालेल?

पंपघर : चालतं, पण ते बारीक असतं आणि महागही. जाडं मीठच आणा.