कुत्र्यांचे चिवट त्वचारोग : तुमचे अनुभव

पुळ्या, पू, खपल्या, केस जाऊन उघडी पडलेली कातडी. निदान कसं झालं आणि काय लागू पडलं, ते लिहा. डोस मात्र लिहू नका, प्रत्येकाचं वजन वेगळं.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्या लॅब्राडोरच्या पोटावर पुळ्या यायच्या, अँटिबायोटिकने बसायच्या, गोळ्या थांबल्या की परत हजर. नव्या डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी एका पुळीवर काचपट्टी टेकवली आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. मग पुवाचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. स्टॅफिलोकॉकस सूडइंटरमिडियस निघाला, नेहमीच्या बऱ्याच औषधांना दाद न देणारा. हा जंतू धडधाकट कुत्र्यांच्या अंगावरही असतो म्हणे, कातडीचा बचाव कमी पडला की माजतो. बचाव कशाने कमी पडला, हे शोधताना रक्तात थायरॉइड कमी सापडलं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर पुळ्यांचं येणं-जाणं संपलं.

*

आमचं पिल्लू. डोळ्यांभोवतीचे केस गेले, एका दवाखान्यात ॲलर्जी समजून स्टेरॉइड दिलं आणि आठवड्यात अख्खं तोंड सुजून पू. दुसरीकडे कातडी रक्त येईपर्यंत खरवडून तपासली (बघवत नाही, पण हा किडा केसांच्या मुळाशी खोल बसतो) तर डेमोडेक्स नावाचा किडा! हा आईकडून पहिल्या काही दिवसांत येतो, माणसांना होत नाही. पिसू-गोचिडांवर देतात त्या गटातली गोळी लागू पडली. केस आले तरी औषध बंद केलं नाही, महिन्याच्या अंतराने दोनदा खरवडून किडा दिसला नाही तेव्हाच थांबवलं.

*

कोली किंवा तत्सम जातीचं कुत्रं असेल तर किड्यांसाठी आयव्हरमेक्टिन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. त्यांच्यात एक जनुकीय दोष बराच आढळतो, औषध मेंदूत शिरतं. झटके, कोमा, मृत्यूसुद्धा.

*

क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) शाम्पू चोळून लगेच धुतलात तर फायदा नाही, फेस 10 मिनिटं अंगावर राहू द्यायचा. ओल्या कुत्र्याला तेवढा वेळ धरून ठेवणं हा वेगळाच व्यायाम.

*

आमच्याकडे नायटा निघाला. निळ्या दिव्याखाली काही चमकलं नाही म्हणून बुरशी नाही असं ठरत होतं, पण या बुरशीच्या सगळ्या जाती चमकत नाहीत. केसांचं कल्चर केलं तेव्हा कळलं. तोवर मुलीच्या हातावर गोल चट्टा. नायटा माणसाला होतो, त्यामुळे कुत्र्याबरोबर अंथरूण-पांघरूण, ब्रश, गाडीतली सीट, सगळंच साफ करावं लागलं.

*

लॅब्राडोरवाल्या ताई, अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असताना कल्चर केलं की बंद करून?

*

बंद करून काही दिवसांनी. किती दिवसांनी ते डॉक्टरांनी सांगितलं. न फुटलेली पुळी निवडून सुईने टोचून आतला पू घेतला, वरच्या खपलीचा नाही.