परदेशी यजमानांपुढे आपला प्रदेश आणि आपला क्लब वीस मिनिटांत कसा मांडावा?

प्रश्न : क्षितिजरेषा

नमस्कार. आमच्या रोटरी क्लबमधून आठ जणांचा गट मैत्री विनिमय उपक्रमात परदेशी जात आहे. तेथील तीन क्लब आमचे यजमान असून आमचा मुक्काम त्यांच्या सदस्यांच्या घरीच असेल. पहिल्याच संध्याकाळी यजमान क्लबच्या सभेत आम्हाला आपल्या प्रदेशाची आणि क्लबची ओळख करून द्यायची आहे. त्यासाठी वीस मिनिटे दिली आहेत, आणि तेथील भाषा आमच्यापैकी कोणालाच येत नसल्यामुळे दुभाषी सोबत असतील.

गटाने मिळून केलेल्या मसुद्यात चाळीस स्लाइड झाल्या आहेत. पहिल्या पंचवीस स्लाइडमध्ये इतिहास, नद्या, पिके, उद्योग, प्रेक्षणीय स्थळे आणि नामवंत व्यक्ती आहेत. त्यानंतर रोटरीची स्थापना, आमच्या क्लबची स्थापना, आजवरचे अध्यक्ष आणि सर्वांत शेवटी सतरा प्रकल्पांची यादी येते. काल घड्याळ लावून वाचले, तर दुभाष्याची वेळ न धरताच पस्तीस मिनिटे लागली. काहीही वगळायचे म्हटले की गटातील कोणाचे तरी मन दुखावते, कारण प्रत्येकाने आपला भाग मनापासून तयार केला आहे. सचिव या नात्याने अंतिम मसुदा माझ्याकडे आहे. काय ठेवावे आणि कशाच्या आधारे ठरवावे, याविषयी अशा दौऱ्यांवर जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद : वाटाड्या

चाळीसपैकी कोणत्या स्लाइड काढाव्यात, असा प्रश्न घेऊन बसलात तर महिनाभर वाद चालेल. मसुदा बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एवढेच लिहा की सभा संपवून घरी गेलेल्या यजमानाने आपल्या घरच्यांना तुमच्याविषयी कोणती एक गोष्ट सांगावी, असे तुम्हाला वाटते. बाकीचे सारे त्या गोष्टीच्या आधाराला यावे.

तुमच्या मसुद्याची मूळ अडचण लांबी ही नाही. प्रदेश हा एक विषय आणि क्लब हा दुसरा, असे त्याचे दोन तुकडे पडले आहेत, ही आहे. प्रदेशाविषयी तेवढेच सांगावे, ज्यामुळे तुमच्या क्लबला अमुक काम हाती का घ्यावे लागले हे ऐकणाऱ्याला आपोआप उमगेल. समजा, तुमच्याकडे पाऊस वर्षातले मोजकेच महिने पडतो आणि जमिनीखालचा खडक पाणी धरून ठेवत नाही. मग शाळांसाठी पाणी साठवण्याच्या टाक्या बांधण्याचे काम सांगताना पाऊस, खडक, वस्त्यांमधील अंतर आणि तेथील दिनक्रम हे सर्व त्याच ओघात येते, आणि ते लक्षातही राहते. पिकांची नावे मात्र सभागृहाबाहेर पडेपर्यंतच विसरली जातात.

रोटरीचा इतिहास पूर्णपणे वगळा. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोमध्ये रोटरीची सुरुवात कशी झाली आणि तिचे संस्थापक पॉल हॅरिस कोण होते, हे यजमानांना तुमच्याइतकेच ठाऊक आहे. पोलिओचेही तसेच. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओविरुद्ध जागतिक मोहीम हाती घेतली, त्यात त्यांच्याही क्लबचा वाटा असणारच. तेव्हा मोहिमेची माहिती न देता तुमच्या सदस्यांनी लसीकरणाच्या दिवशी प्रत्यक्ष काय केले, ते दोन वाक्यांत सांगितले तर ती दोघांची समान आठवण ठरते. सभेला सदस्यांखेरीज इतर नागरिक येणार असतील, तर मात्र सेवा क्लब म्हणजे काय हे एका मिनिटात सांगणे भाग आहे. ते यजमानांना आधीच विचारून घ्या.

सतरा प्रकल्पांच्या यादीबद्दल मी थोडे आग्रहाने लिहितो. १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे, रोटरीसारख्याच लायन्स या सेवा क्लबांच्या अधिवेशनात, दृष्टी आणि श्रवण दोन्ही नसलेल्या लेखिका हेलन केलर बोलल्या. त्यांनी उपस्थितांपुढे एकच मागणी ठेवली, ती म्हणजे अंधांच्या कामाला वाहून घेण्याची. लायन्सची दृष्टीविषयक कामाची जगभरातील ओळख त्या भाषणापासून सुरू होते. त्याच व्यासपीठावरून दहा चांगल्या कामांची यादी वाचली गेली असती, तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि विषय तेथेच संपला असता, असे मला वाटते. एक काम निवडा आणि ते नीट सांगा. उरलेली सोळा एका छापील पानावर, यजमानांच्या भाषेत, प्रत्येकाच्या हाती द्या.

प्रतिसाद : उंबरठा

वरच्या प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. वेळेचा हिशेब मात्र आणखी कडक करावा लागेल. दुभाषी तुमच्यामागून वाक्य-वाक्य बोलणार असतील, तर तुमच्या वाट्याला वीसपैकी दहाच मिनिटे येतात. त्यातून प्रश्नोत्तरांना वेळ काढला की हाती सात मिनिटे उरतात. त्या सात मिनिटांचे भाषण शब्दशः लिहून काढा आणि दुभाष्यांना काही दिवस आधी पाठवा. विशेषनामांचे उच्चार त्यांच्या लिपीत लिहून द्यावेत. पदांची आद्याक्षरे टाळावीत. सभेत आपण ती सहज वापरतो, पण सदस्य नसलेल्या दुभाष्यासाठी ती अर्थहीन असतात. एका दौऱ्यात आमच्या वक्त्याने डिस्ट्रिक्टची, म्हणजे रोटरी क्लबांच्या प्रादेशिक गटाची, तीन पदे आद्याक्षरांनीच उच्चारली, आणि दुभाषी बाई इतक्या गोंधळल्या की पुढची दोन वाक्ये त्यांच्याकडून सुटलीच. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना कागद दिला नव्हता.

आकड्यांची काळजी घ्या. आपल्या तोंडात लाख आणि कोटी बसलेले असतात, तर यजमान दशलक्षात मोजतात. दहा लाख म्हणजे एक दशलक्ष आणि एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष, हे रूपांतर व्यासपीठावर उभे राहून करू नये, स्लाइडवरच करून ठेवावे. तारखेत महिना अक्षरांनी लिहावा, कारण ४/७ ही तारीख अमेरिकेत ७ एप्रिल होते आणि युरोपात ४ जुलै. खर्च सांगताना केवळ डॉलरमधील रक्कम सांगितली तर तिकडच्या मानाने ती फार लहान वाटते आणि कामही लहान वाटू लागते. ती रक्कम तुमच्याकडे किती दिवसांच्या मजुरीएवढी आहे, हे सोबत सांगितले की तिचे वजन कळते.

प्रतिसाद : अक्षांश

नकाशाविषयी एक सूचना. भिंतीवरचा नेहमीचा जगाचा नकाशा अनेकदा मर्केटर प्रक्षेपणाचा असतो; प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत. १५६९ साली नौकानयनासाठी तयार झालेल्या या पद्धतीत दिशा अचूक राहतात, परंतु ध्रुवांकडील प्रदेश फुगलेले दिसतात आणि विषुववृत्ताजवळचे त्या मानाने आक्रसलेले. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे चौदा पट मोठी असूनही या नकाशात दोन्ही जवळपास सारख्या भासतात. यजमान उत्तरेकडचे असतील, तर अशा नकाशावर तुमचा प्रदेश आहे त्याहून लहान दिसेल. क्षेत्रफळाचे प्रमाण राखणारा नकाशा घ्या आणि तुमच्या प्रदेशाची बाह्यरेषा यजमानांच्या प्रांतावर त्याच प्रमाणात ठेवून दाखवा. या एका चित्राने अनेक वाक्ये वाचतात.

प्रतिसाद : मुक्काम

छायाचित्रांबद्दल कोणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून माझा अनुभव सांगते. एका सादरीकरणात मी आमच्या प्रकल्पातील एका वृद्ध स्त्रीचे छायाचित्र दाखवले होते. प्रश्नोत्तरांच्या वेळी यजमान क्लबच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी सहज विचारले, "या आजींचे नाव काय? आपले चित्र येथे दाखवले जाणार आहे, हे त्यांना माहीत आहे का?" मला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत. त्या प्रश्नात टोमणा नव्हता, खरी चौकशी होती, आणि म्हणूनच ती मला अधिक लागली. तेव्हापासून आम्ही विचारून परवानगी घेतल्याशिवाय कोणाचेही चित्र नेत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारतो. हात पसरलेल्या माणसांपेक्षा काम करणारी माणसे दाखवावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या प्रदेशाची पहिली ओळख केवळ गरजेची झाली, तर पुढचे सारे दिवस यजमान आपल्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकत नाहीत.

याच कारणासाठी पहिल्या सभेत निधीचा विषय काढू नये. रोटरी फाउंडेशन या रोटरीच्याच निधी संस्थेच्या ग्लोबल ग्रँटसाठी, म्हणजे मोठ्या प्रकल्पांच्या अनुदानासाठी, दोन देशांतील क्लबांची भागीदारी लागते आणि प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो, हे यजमानांना माहीत असते. ओळख दाट झाली की तेच विचारतात, असा माझा अनुभव आहे.

शिवाय खरी ओळख व्यासपीठावर होत नाही, ती यजमानांच्या घरी सकाळच्या न्याहारीला होते. तुमच्या गटातील ज्यांचे विषय सादरीकरणातून गळतील, त्यांना सांगा की तेथे हे सर्व विचारले जाणार आहे. उद्योगांचा अभ्यास केलेल्या सदस्याने ती माहिती मनात तयार ठेवावी. क्लबमध्ये स्त्रिया किती आहेत, सरासरी वय काय, तरुण का येत नाहीत, हे प्रश्न तर हमखास येतात, आणि त्यांची खरी उत्तरे आठही जणांना द्यायला यावीत.

क्षितिजरेषा

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक घेतली आणि मुक्काम यांचा न्याहारीचा मुद्दा जसाच्या तसा वाचून दाखवला. त्यानंतर वगळण्यावरून झालेली नाराजी बरीचशी निवळली, कारण प्रत्येकाच्या तयारीला जागा मिळाली. शाळांसाठी बांधलेल्या पाण्याच्या टाक्यांचे काम आम्ही निवडले आहे. वाटाड्या यांनी उदाहरण म्हणून जे लिहिले, ते आमच्या प्रदेशाला तंतोतंत लागू पडते. स्लाइड आता नऊ झाल्या आहेत.

एकाच गोष्टीवर एकमत होत नाही. आमच्या पहिल्या टाकीला दुसऱ्याच वर्षी तडा गेला आणि उन्हाळाभर ती शाळा पुन्हा पाण्यावाचून राहिली. पाया भरताना आम्ही घाई केली होती. गटातील काहींच्या मते परक्या सभेत हे सांगितल्यास क्लबची प्रतिमा उणी होईल. मला सांगावेसे वाटते. आपले मत काय?

वाटाड्या

अवश्य सांगा, आणि शेवटी न ठेवता मध्यावर सांगा. समोर बसलेल्या प्रत्येकाने आपल्या क्लबमध्ये असा एखादा तडा पाहिलेला असतो, म्हणून त्या क्षणी ते पाहुण्यांचे भाषण ऐकणे सोडून आपल्याच कामाविषयी विचार करू लागतात, आणि प्रश्न तेथूनच येतात. तडा गेलेल्या टाकीचे चित्र असेल तर तेही दाखवा. त्यानंतर पायाच्या कामात काय बदलले, दुसऱ्या टाकीवर देखरेख कोणी केली आणि आज झडपा व गाळण यांची निगा शाळेतील कोण राखते, हे क्रमाने सांगा. सात मिनिटांपैकी दोन मिनिटे यासाठी राखून ठेवा. जागा कमी पडली तर प्रेक्षणीय स्थळांची जी एक स्लाइड तुम्ही बहुधा अजून ठेवली असेल, ती काढा.