ब्रिटिश रॉक बँड क्वीनचा दुसरा अल्बम कुणी सलग ऐकलाय का?

हेडफोनवाला: लोकहो, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' सगळ्यांना तोंडपाठ. पण १९७४चा 'क्वीन टू' म्हटलं की समोरचा विचारतो, "त्यात हिट कुठलंय?" 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय' सोडलं तर खरंच नाही. लावला की अर्ध्यात गोंधळायला होतं. सुरुवात कुठून करू? आणि त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला म्हणून आपण उगाच हळवे होतोय का?

खर्जातला: पाचगणी सोडा हो. तिथे तो पियानो शिकला, शाळेत बँडही केला, पण या अल्बमचं श्रेय तिथल्या सेंट पीटर्स शाळेला देणं म्हणजे ओढूनताणून.

हिट शोधू नका, बाजू ऐका. या तबकडीला ए-बी नाहीत, पांढरी आणि काळी आहे. पांढरी गिटारवादक ब्रायन मेची, त्यात एक गाणं ड्रमर रॉजर टेलरचं (ते मी दर वेळी पुढे ढकलतो, रॉजरभक्तांनी क्षमा करावी). काळी अख्खी फ्रेडीची. तिथूनच सुरुवात करा, आणि मोबाइलवर शफल चालू असेल तर वाटोळंच. 'ऑगर बॅटल'चा आरंभ म्हणजे त्याचाच शेवट, टेप उलटी फिरवून लावलेला. पुढचं 'फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक' रिचर्ड डॅडच्या चित्रावर आहे. मूळ चित्र लंडनच्या टेट गॅलरीत. ते स्क्रीनवर मोठं करून ऐका, गाण्यात कोण कोण येऊन जातं ते चित्रात सापडतं. मग 'नेव्हरमोअर', श्वास घेण्यापुरतं. आणि मग 'द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन'. साडेसहा मिनिटांत चाल किती वेळा वळण घेते, मोजायच्या भानगडीत पडू नका. 'ऱ्हॅप्सडी' १९७५ची, तिची रंगीत तालीम इथेच झाली, असं माझं ठाम मत.

तरफेची_तार: पांढरी बाजू गाळू नका बरं! 'व्हाइट क्वीन'मध्ये मधेच जी झणझण येते ना, ती सतार नाही. मेची जुनी अकूस्टिक गिटार आहे. त्याने तिची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) अशी बदलली की तार तिथे हलकेच टेकून वाजते. मी सतार वाजवते, जवारी (तारेची ही झणझण) नीट निघाली की अस्साच आवाज सुटतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं थांबवून तेवढाच तुकडा परत परत लावला होता.

हेडफोनवाला: वा! आणि 'प्रोसेशन'मध्ये सुरुवातीला सिंथेसायझर आहे ना?

खर्जातला: अजिबात नाही! सगळी मेची गिटार, थरावर थर. सिंथेसायझर कुणीही वाजवलेला नाही, असं त्यांनी वेष्टनावरच छापून टाकलंय.

हेडफोनवाला: मग आज रात्री काळी बाजू. शफल बंद केलंय.