नवा अर्थ जुन्या अर्थाच्या शेजारी बसतो की त्याच्या उरावर?

शब्दांचे अर्थ बदलण्यावर मूळाक्षर, वाहती, धातुपाठ आणि कलम या चौघांची चर्चा.

मूळाक्षर

इंग्रजीतलं 'रन' हे क्रियापद घ्या. तीन अक्षरांचं, पहिल्या इयत्तेत शिकवलं जाणारं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी त्याची नोंद नव्याने लिहायला घेतली तेव्हा नऊ महिने लागले आणि फक्त क्रियापदाचे 645 अर्थ निघाले. त्याआधीच्या, 1989च्या आवृत्तीत हा मान 'सेट'कडे होता, सुमारे 430 अर्थांसह. माणूस धावतो, नदी वाहते, यंत्र चालतं, नाक गळतं, धुताना रंग पसरतो, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, बातमी छापून येते. मराठीत दर वेळी वेगळं क्रियापद शोधावं लागतं, तिथे एकटा 'रन' पुरतो.

याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पायांनी धावण्याचा अर्थ अजून जागेवर आहे आणि बाकीचे त्याच्याभोवती जमले आहेत. तक्रार आहे ती 'डिसइंटरेस्टेड'सारख्या शब्दांबद्दल. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, म्हणजे निकालात त्याचा स्वतःचा काही लाभ गुंतलेला नसावा. आज कितीतरी लोक हाच शब्द 'कंटाळलेला, रस नसलेला' या अर्थाने वापरतात. त्या अर्थासाठी 'अनइंटरेस्टेड' आधीच हजर आहे. मिळालं काहीच नाही आणि एक नेमका शब्द मात्र गढूळ झाला. 'लिटरली'चंही तेच. जो शब्द 'हे अतिशयोक्त नाही बरं' असं सांगायला होता, तोच अतिशयोक्तीसाठी वापरला जातो.

माझं म्हणणं एवढंच: अर्थ वाढणं वेगळं आणि अर्थ गिळला जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला शिक्षकांनी, संपादकांनी, कोशकारांनी ठाम विरोध करायला हवा. 'भाषा बदलतच असते' एवढं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

वाहती

असहमत, आणि तुमच्याच उदाहरणांवरून असहमत.

'डिसइंटरेस्टेड'चा 'रस नसलेला' हा अर्थ आजच्या पिढीने बिघडवून काढलेला नाही. तो सतराव्या शतकातल्या लिखाणात सापडतो. गंमत बघा, त्याच शतकात 'अनइंटरेस्टेड'चा अर्थ 'निःपक्षपाती' असाही होता. दोन्ही शब्दांनी पुढे जागा बदलल्या. तुम्ही ज्याला मूळ, शुद्ध अर्थ समजता तो वाटेतला एक मुक्काम आहे. 'लिटरली'चा अतिशयोक्त वापर तर 1769 साली फ्रान्सेस ब्रुक यांच्या कादंबरीत छापलेला आहे.

आणि आपण मराठी माणसांनी 'लिटरली'वर रागवावं हे मला पटतच नाही. 'अक्षरशः' काय करतो? 'अक्षरशः डोंगर कोसळला', 'अक्षरशः वेड लागायची पाळी आली' ही वाक्यं आपण रोज बोलतो. लॅटिनमधल्या 'अक्षर' या अर्थाच्या शब्दापासून 'लिटरली' आला. दोन वेगळ्या भाषांत तोच शब्द त्याच वाटेने गेला. जोर देण्यासाठी माणसाला सगळ्यात खरा वाटणारा शब्द हवा असतो, म्हणून 'खरोखर', 'अक्षरशः', 'लिटरली', 'रिअली' हे सगळे शब्द जोर देण्याच्या कामाला लागतात. याला बेफिकिरी कशी म्हणायची?

आता 'नाइस' बघा. लॅटिनमध्ये 'नेस्कियुस' म्हणजे अजाण, अडाणी. फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला तेव्हा 'नाइस' माणूस म्हणजे मूर्ख माणूस. तिथून लाजरा, मग नखरेल आणि चोखंदळ, मग बारीक फरक ओळखणारा, अचूक. अठराव्या शतकात 'छान, सुखद' हा अर्थ रुळला. जेन ऑस्टिन यांच्या 1817च्या अखेरीस आलेल्या कादंबरीत एक पात्र नायिकेला यावरूनच टोकतं की आता कशालाही नाइस म्हणतात, मुळात हा शब्द नीटनेटकेपणा आणि नाजूक जाण सांगण्यासाठी होता. त्या पात्राचा तो 'मुळात' साफ चुकीचा आहे. मुळात तो शब्द शिवी होता! प्रत्येक पिढी आपण शिकलो त्या अर्थाला मूळ समजते. विरोध करायचाच तर कुठल्या मुक्कामावर उभं राहून करायचा?

धातुपाठ

या वादात पडण्याआधी एक गोष्ट वेगळी काढू. एका रूपाला अनेक अर्थ दिसले म्हणून तो दर वेळी एकच शब्द नसतो. नदीचा 'बँक' म्हणजे काठ आणि पैशांची 'बँक' इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले. पहिला उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांतून आला, दुसरा इटालियन 'बांका' म्हणजे सावकाराच्या बाकावरून. 'लेट' म्हणजे होऊ देणे आणि जुन्या इंग्रजीतला दुसरा 'लेट' म्हणजे अडवणे, हेही दोन वेगळे शब्द. दुसरा जवळजवळ मेला. ब्रिटिश पासपोर्टवरच्या 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स' या जुन्या शब्दयोजनेत आणि टेनिसमध्ये जाळीला लागलेल्या सर्व्हिसमध्ये तो शिल्लक आहे. ही सगळी वेगळ्या वाटांनी येऊन सारखी दिसू लागलेली रूपं. आपली चर्चा आहे ती एकाच शब्दाला फांद्या फुटण्याची.

त्याचं माझं आवडतं उदाहरण 'फास्ट'. जुन्या इंग्रजीत 'फॅस्ट' म्हणजे घट्ट, पक्का, न हलणारा. तो अर्थ आजही आहे: कपड्याचा रंग फास्ट असतो तेव्हा तो धावत नसतो, पक्का असतो. 'फास्ट अस्लीप' म्हणजे गाढ झोपलेला. मग न हलणारा शब्द पळायला कसा लागला? मधली पायरी क्रियाविशेषणाची. घट्ट धरणे, घट्ट लढणे, म्हणजे जोर लावून लढणे. मग 'जोर लावून धावणे'. जोर लावून धावणारा वेगाने धावतो, आणि ऐकणाऱ्याने जोराऐवजी वेग ऐकला. हे मध्ययुगातच घडलं. तिकडे व्रत घट्ट पाळणं यावरून उपवासालाही 'फास्ट' म्हणू लागले. पक्का, वेगवान आणि उपवास, तिन्ही एकाच धातूचे.

इथे कोणी चूक केली असं मला कुठेच दिसत नाही. प्रत्येक पायरीवर बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांना समजले, फक्त ऐकणाऱ्याने वजन किंचित वेगळ्या ठिकाणी ठेवलं. अशा किंचित सरकण्यातूनच शब्द विरुद्ध टोकाला पोचतो. मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने 1897 मध्ये या बहुअर्थीपणाला 'पॉलिसेमी' हे नाव दिलं. त्याचं निरीक्षण साधं होतं: नवा अर्थ आला म्हणून जुना संपत नाही, दोघं सोबत राहतात, आणि गोंधळ होत नाही कारण कोण बोलतंय, कुठे बोलतंय यावरून अर्थ आपोआप निवडला जातो. 'ऑपरेशन' हा शब्द शल्यविशारद, सेनापती आणि गणितज्ञ वापरतात, तिघांपैकी कोणालाच खुलासा करावा लागत नाही.

कलम

आपोआप निवडला जातो, हे वाक्य न्यायालयात टिकत नाही. मला या चर्चेत ही बाजू मांडावीशी वाटली, कारण इथे अर्थाची किंमत माणूस वर्षांमध्ये मोजतो.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला 1993चा खटला, स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स. कायदा म्हणतो की अमली पदार्थांच्या गुन्ह्यात जो बंदूक 'यूज' करील त्याला जादा शिक्षा. आरोपीने कोणावर बंदूक रोखली नव्हती. कोकेनच्या बदल्यात त्याने ती देऊ केली होती, म्हणजे चलनासारखी. हा 'यूज' धरायचा का? ती स्वयंचलित बंदूक असल्यामुळे जादा शिक्षा 30 वर्षांची होती. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, होय, हा वापरच. बहुमताने कोश उघडून दाखवला. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मतात विचारलं: 'तुम्ही काठी वापरता का?' असं कोणी विचारलं तर तुम्ही काठी टेकत चालता का एवढंच त्याला हवं असतं. आजोबांची चांदीच्या मुठीची काठी तुम्ही दिवाणखान्यात मांडून ठेवली आहे का, हे तो विचारत नसतो.

पाच वर्षांनी त्याच कायद्यातल्या 'कॅरी' या शब्दावर तोच प्रकार झाला. बंदूक अंगावर नसून गाडीच्या कप्प्यात ठेवली असेल तर ती 'कॅरी' केली का? पाच विरुद्ध चार मतांनी, होय. तिथे तर न्यायमूर्तींनी बायबल आणि जुन्या कादंबऱ्यांपासून वर्तमानपत्रांपर्यंत दाखले काढले.

ब्रेआलचं म्हणणं रोजच्या बोलण्यात शंभर टक्के खरं आहे. तिथे समोरचा माणूस असतो, चेहरा असतो, पुन्हा विचारता येतं. लिहिलेल्या कायद्याला पुन्हा विचारता येत नाही.

मूळाक्षर

कलम, तुम्ही माझाच मुद्दा जास्त चांगला मांडलात. शब्द सैल झाला की त्याची झळ दुर्बळ माणसाला बसते.

वाहती, तुमचा 'नाइस'चा इतिहास मला मान्य आहे. पण त्यातून निघतं काय? 'बारीक फरक ओळखणारा' हा अर्थ आज 'नाइस डिस्टिंक्शन'सारख्या एखाद्या ठरीव प्रयोगापुरता उरला, आणि बदल्यात मिळाला एक गुळगुळीत शब्द, जो हवेला, माणसाला आणि चादरीला सारखाच लागतो. बदल झाला हे सिद्ध केल्याने तो चांगला झाला हे सिद्ध होत नाही. शिवाय 'अक्षरशः' सैल झाला तरी आपल्याकडे 'शब्दशः' अजून बराच नेमका आहे. इंग्रजीत 'लिटरली'च्या जागी तितका सोपा शब्द कुठे आहे?

वाहती

कलम यांच्या उदाहरणातून तुमचा मुद्दा सिद्ध होत नाही. 'यूज'चा कोणताही नवा अर्थ तिथे घुसलेला नव्हता. नेहमीच्या कामासाठी वापरणे आणि कोणत्याही कामी आणणे, दोन्ही छटा शेकडो वर्षं शेजारी नांदत आहेत. कोणत्या शिक्षकाने कोणाला टोकलं असतं तर तो खटला टळला असता? चूक कायदा लिहिणाऱ्यांची होती, त्यांनी त्या शब्दाची व्याख्या तिथेच द्यायला हवी होती.

ठाम विरोध करण्याचा प्रयोग इंग्रजीत होऊन गेलेला आहे. 1712 मध्ये जोनाथन स्विफ्टने इंग्रजी कायमची ठरवून टाकावी असा प्रस्ताव मांडला होता. सॅम्युएल जॉन्सननेही कोशाचं काम हाती घेतलं तेव्हा त्याला अशीच आशा होती. 1755 मध्ये कोश छापला तेव्हा प्रस्तावनेत त्याने ती सोडल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं: आपला कोश भाषेला क्षयापासून वाचवील असं समजणारा कोशकार हास्यास्पद ठरेल. इतका मोठा माणूस इतकी वर्षं राबून या निष्कर्षाला आला, याचं वजन तुम्ही धरायला हवं.

धातुपाठ

तरी काही ठिकाणी हस्तक्षेप यशस्वी झाला आहे, आणि तो कसा झाला हे बघण्यासारखं आहे.

ब्रिटनमध्ये पूर्वी 'बिलियन' म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, आपल्या भाषेत एक लाख कोटी. अमेरिकेत तोच शब्द 100 कोटींसाठी. हजारपटीचा फरक. डिसेंबर 1974 मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी जाहीर केलं की सरकार यापुढे हा शब्द अमेरिकी अर्थानेच वापरील. म्हणजे सरकारने जुना अर्थ राखला नाही, लोक जिकडे चालले होते तिकडे शिक्का मारला.

'इन्फ्लेमेबल'चं तर फारच बोलकं. लॅटिनमधल्या 'पेटवणे'वरून आलेला हा शब्द, अर्थ 'पेट घेणारा'. पण सुरुवातीचा 'इन' नकारार्थी वाटून कोणी 'न पेटणारा' समजलं तर जीव जाईल. अमेरिकेच्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1920च्या दशकापासून आग्रह धरला की 'फ्लेमेबल' लिहा. लोकांना खरा अर्थ शिकवत बसण्यापेक्षा त्यांनी धोक्याचा शब्दच पाटीवरून उतरवला. तेव्हा मूळाक्षर, शब्द गढूळ झाला असेल तर त्याच्यावर पहारा ठेवण्यापेक्षा दुसरा घ्यावा. 'डिसइंटरेस्टेड' गेला असेल तर 'इम्पार्शियल' आहे की.

कलम

एक भर. शब्द कोणीच गढूळ केला नसताना, दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतानाही फसगत होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांना एक कागद 'टेबल' करायचा होता, म्हणजे तातडीने चर्चेला घ्यायचा होता. अमेरिकनांच्या लेखी 'टेबल' करणं म्हणजे बाजूला ठेवणं. चर्चिल यांनी लिहून ठेवलंय की बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग कळलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती.

मूळाक्षर

धातुपाठ, 'इम्पार्शियल' घ्या हे इतकं सोपं नाही. इम्पार्शियल म्हणजे मनाने कोणाकडे न झुकणारा. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचं काही गुंतलेलं नाही असा. एखाद्या न्यायाधीशाकडे त्या कंपनीचे शेअर असतील तर तो मनाने अगदी समतोल असू शकेल, पण डिसइंटरेस्टेड नसेल. पहिला गुण आत डोकावून बघता येत नाही, दुसरा कागदपत्रांवरून तपासता येतो. म्हणूनच दुसऱ्याला स्वतंत्र शब्द हवा. तो गेला तर 'माझ्या मनात पक्षपात नाही' एवढ्या आश्वासनावर भागवावं लागेल.

वाहती

हा फरक तुम्ही फार नेमका दाखवलात आणि तो जपण्याजोगा आहे, याबद्दल दुमत नाही. पण तो जपला कोणी? 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट', म्हणजे हितसंबंधांची टक्कर, या शब्दसमूहाने. बँकांत, विद्यापीठांत, न्यायालयांत लोक हेच तपासतात, आणि त्यासाठी त्यांना 'डिसइंटरेस्टेड'ची आठवणही होत नाही. कल्पनेची गरज होती, तिने दुसरं घर शोधलं.

आणि दोष 'डिसइंटरेस्टेड'चा नाहीच. 'इंटरेस्ट' या एका नामात कुतूहल, हितसंबंध आणि व्याज असे तिन्ही अर्थ नांदतात. मूळ नाम इतकं फाकलेलं असताना त्याच्या नकारार्थी रूपाने एकाच अर्थाला चिकटून राहावं, असं तुम्ही कोणाला आणि कसं बजावणार?

मूळाक्षर

संपादकाला बजावणार. जो लिहितो त्याला, आणि त्याने लिहिलेलं जो तपासतो त्याला. रस्त्यावर कोणी काय बोलावं यावर माझा हक्क नाही, पण निकालपत्रात आणि अग्रलेखात शब्द निवडून वापरला जातो, आणि तिथे 'दोन्ही चालतं' हे उत्तर मी स्वीकारणार नाही. 'कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट' हा दोषाचा उल्लेख आहे. तो दोष ज्याच्यात नाही त्या माणसाला काय म्हणायचं, तेवढं सांगा.