२९ मिनिटं श्वास रोखला म्हणतात, मग ११ मिनिटांचा विक्रम कुठला?

अभि_नाशिक
क्रोएशियाच्या वितोमिर मारिचिचने जून २०२५ मध्ये ओपातियाला पाण्याखाली २९ मिनिटं ३ सेकंद श्वास रोखला, अशी बातमी होती. दुसरीकडे फ्रान्सच्या स्तेफान मिफस्यूदचा २००९ मधला ११ मिनिटं ३५ सेकंदांचा विक्रमही सगळीकडे सांगतात. इतकी तफावत कशी? खरा कुठला धरायचा?

विचारायचं कारण म्हणजे पुतण्या. वय १५, पोहतो चांगला. टँकच्या तळाशी बसून दीड मिनिट काढतो आणि आता तीन मिनिटांच्या मागे लागलाय. उतरायच्या आधी मिनिटभर कपालभाती केली की वेळ वाढते म्हणतो. वाढतेही. चालू द्यावं का?

खाडीकर
दोन्ही खरे, फक्त खेळ वेगळे. मिफस्यूदने साधी हवा भरून घेतली होती. मारिचिचने आधी १० मिनिटं शुद्ध ऑक्सिजन ओढला होता. २०१६ मध्ये बार्सिलोनात आलेइक्स सेगुराचे २४:०३ आणि २०२१ मध्ये सिसाकला बुदिमिर शोबातचे २४:३७, हेही ऑक्सिजनवालेच. गिनेस हा प्रकार वेगळा नोंदवतं. आयडासारख्या फ्रीडायव्हिंगच्या (एका श्वासात पाण्याखाली राहण्याच्या खेळाच्या) संघटना स्पर्धेत ऑक्सिजन चालवून घेत नाहीत.

तफावत का, ते गणितातच दिसतं. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत ठासून भरली तर साधारण ६ लिटर हवा मावते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पण आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिसळून तो १४-१५ टक्क्यांवर येतो. म्हणजे झाले जेमतेम ९०० मिली. रक्तातला वापरता येण्याजोगा साठा धरून दीड लिटरच्या आसपास. निवांत पडलेलं शरीर मिनिटाला सुमारे २५० मिली खातं, की सहा मिनिटांत खडखडाट. त्यापुढची मिनिटं मोठ्या फुप्फुसांची आणि काटकसरीची: तोंडाला पाणी लागलं की नाडी मंदावते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, प्लीहा आकसून जादा तांबड्या पेशी रक्तात सोडते. सरावाने हे सगळं आणखी ठळक होतं.

आता त्याच ६ लिटरमध्ये हवेऐवजी ऑक्सिजन भरा. पाच लिटरच्या वर साठा झाला, म्हणजे नुसत्या फुप्फुसांवर वीस मिनिटं. इथे ऑक्सिजन संपायच्या आधी कार्बन डायऑक्साइडच माणसाला छळतो. शिवाय ऑक्सिजन शोषला जातो, पण त्याच्या जागी येणारा कार्बन डायऑक्साइड बहुतेक रक्तात आणि ऊतींतच विरघळून राहतो. त्यामुळे फुप्फुसं हळूहळू आक्रसत जातात. कठीण काम आहेच, पण ११:३५ शी तुलना करू नये. मला विचाराल तर अवघड ११:३५च.

टिटवी
विक्रमांचं नंतर. कपालभाती आजपासून बंद.

श्वास घ्यायची तगमग ऑक्सिजन कमी झाल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. बसल्या जागी रक्त आधीच ९७-९८ टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. भराभर श्वास टाकून त्यात भर पडत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. म्हणजे टाकीत पेट्रोल तेवढंच, काटा तेवढा मोडलेला. तगमग सुरू व्हायच्या आधीच ऑक्सिजन शुद्ध हरपण्याच्या पातळीखाली जातो. पुतण्याची जी वेळ 'वाढते' ती ही.

यात पूर्वसूचना नसते. गटांगळ्या नाहीत, हातपाय मारणं नाही. वरून बघणाऱ्याला पोरगं तळाशी शांत बसलंय असंच वाटतं. थोड्या वेळाने शरीर आपोआप श्वास घेतं आणि पाणी आत जातं. भस्त्रिका करून उतरणं तितकंच वाईट. सकाळी सतरंजीवर दोन्ही खुशाल करा, पाण्याच्या काठावर नको.

विहिरीत धोका दुप्पट. तळाची माती वर आणायच्या पैजा लागतात ना, तिथे १० मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणून उरलेला थोडका ऑक्सिजनही मेंदूला पुरतो. वर येताना दाब निम्मा होतो आणि ऑक्सिजनचा जोरही निम्मा. माणूस शुद्ध हरपतो तो वरच्या दोन-तीन मीटरांत, पृष्ठभाग दिसत असताना.

बोरकर_सी
टिटवी +१. फक्त 'बंद' म्हटलं की पंधरा वर्षांचा मुलगा ऐकेलच असं नाही, म्हणून कोरडा सराव काय असतो ते लिहितो. गादीवर उताणं पडून, जेवणानंतर दोन-तीन तासांनी, घरात कुणीतरी असताना. खुर्चीवर नको, भोवळ आली तर पडेल.

समजा सर्वोत्तम वेळ २ मिनिटं आहे. पहिला तक्ता कार्बन डायऑक्साइडचा: प्रत्येक वेळी १ मिनिटच रोखायचं, मधली विश्रांती २:००, १:४५, १:३० अशी १५-१५ सेकंदांनी कमी करत १५ सेकंदांपर्यंत आणायची. आठ फेऱ्या होतात. दुसरा तक्ता ऑक्सिजनचा: विश्रांती कायम २ मिनिटं, रोखायचा वेळ १ मिनिटापासून वाढवत १:३५ पर्यंत, त्यापुढे नाही. दोन्ही एकाच दिवशी करायचे नाहीत. विश्रांतीत नेहमीसारखाच श्वास, मोठे मोठे श्वास घेतले की तक्त्याचा उपयोगच संपला.

अर्ध्या वाटेवर पोटाला उचकीसारखे झटके बसू लागतात. तो छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा आकसतोय, घाबरायचं कारण नाही. पण डोळ्यांपुढे अंधारी, ओठ बधिर, हात थरथरणं यातलं काहीही झालं तर त्या दिवशी थांबायचं. काही जण तोंडाने घोट गिळल्यासारखी जादा हवा फुप्फुसांत कोंबतात. तो प्रकार शिकाऊ माणसाने अजिबात करू नये. रक्तदाब पडून सुरुवातीलाच चक्कर येते, फुप्फुस फाटूही शकतं.

पाण्यात श्वास रोखायचा तर हाताच्या अंतरावर शिकलेला माणूस हवा, काठावर मोबाइल बघणारा काका नव्हे (अभि, तुम्हाला उद्देशून नाही). ठरलेल्या वेळी तो खांद्याला स्पर्श करतो, पाण्याखालच्याने बोट उचलायचं. उत्तर नाही, पुन्हा स्पर्श, तरी नाही, तर तोंड पाण्याबाहेर काढायचं. वर आल्यावर भस्सकन श्वास सोडायचा नाही, त्याने फुप्फुसातला उरलासुरला ऑक्सिजनही जातो. आधी झटकन आत घ्यायचा, क्षणभर धरायचा, थोडासाच सोडायचा, असं पाच-सहा वेळा. ताज्या श्वासातला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद जातात, म्हणून वर आल्यावरही शुद्ध हरपू शकते. सोबत्याने निदान ३० सेकंद नजर हटवायची नाही. आयडाच्या स्पर्धेतही वर आल्यावर १५ सेकंदांत चष्मा किंवा नाकाची क्लिप काढून, हाताने खूण करून 'आय अॅम ओके' म्हणावं लागतं. क्रम चुकला तर प्रयत्न बाद, मग घड्याळ काहीही दाखवो.

अभि_नाशिक
कपालभाती बंद केली. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर घरात आहे. कोरड्या सरावात तो लावला तर? ९० च्या खाली गेला की थांब, असं?

खाडीकर
त्यावर थांबायचं ठरवू नका. बोटावरचा आकडा खऱ्या स्थितीच्या मागे चालतो, श्वास रोखताना तर हातातलं रक्त कमी झाल्याने आणखीच मागे. सगळ्यात खालचा आकडा बहुतेकदा श्वास पुन्हा सुरू केल्यावर २०-३० सेकंदांनी दिसतो. तो ९४ दाखवत असताना मेंदूत काय चाललंय ते त्याला कळलेलं नसतं. बोटं गार असतील तर वाटेल ते दाखवतो. वेळ तक्त्याने ठरवा, आकडा नंतर वहीत लिहायला ठीक.

आणि कोविडचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही घरात असेल तर पुतण्याला दाखवू नका, पुढचा प्रश्न तोच असणार.